गुडघ्याच्या दोन गोळ्या: सेलेकॉक्सिब आणि ग्लुकोसामाइन

‘गुडघ्यातलं वंगण कमी झालंय’ हे निदान आपल्याकडे डॉक्टरांच्या आधी शेजारीपाजारीच करून मोकळे होतात. मग औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या घरी येतात. एक दुखणं थांबवणारी, सेलेकॉक्सिब; दुसरी ‘सांध्याला बळ देणारी’, ग्लुकोसामाइन. पहिली घेताना पोटाची, हृदयाची धास्ती असते. दुसरीबद्दल कुणी विचारतही नाही, कारण ‘तिचा काही साइड इफेक्ट नाही’. ही समजूत कुठून आली, ते पाहायला थोडं मागे जावं लागतं.

अ‍ॅस्पिरिन 1899 पासून बाजारात आहे आणि ते पोटाला बाधतं हेही जुनंच ज्ञान. का बाधतं, याचा उलगडा 1971 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी केला. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे सूज आणि वेदना कमी होतात, पण जठराच्या अस्तराचं संरक्षणही त्याच रसायनांवर अवलंबून असतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं की प्रोस्टाग्लँडिन तयार करणारी विकरं दोन आहेत. कॉक्स-1 हे पोट सांभाळतं, कॉक्स-2 मुख्यतः सूज आणतं. मग फक्त दुसऱ्यालाच अडवलं तर? या विचारातून 1998 च्या अगदी अखेरच्या दिवशी अमेरिकेत सेलेकॉक्सिबला मंजुरी मिळाली आणि काही महिन्यांत त्याच जातीचं रोफेकॉक्सिबही आलं.

2000 साली आठ हजारांहून जास्त संधिवाताच्या रुग्णांवरची रोफेकॉक्सिबची चाचणी प्रसिद्ध झाली. तुलनेला नेप्रोक्सेन हे जुनं वेदनाशामक होतं. पोटाचे गंभीर त्रास निम्म्यावर आले, पण हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले. ते नेप्रोक्सेन हृदयाचं रक्षण करत असल्यामुळे, असा खुलासा तेव्हा पुढे करण्यात आला. सप्टेंबर 2004 मध्ये मात्र, औषध नसलेल्या खोट्या गोळीशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या चाचणीनंतर, कंपनीने हे औषध जगभरातून मागे घेतलं. भारतानेही त्याच वर्षी त्यावर बंदी घातली. सेलेकॉक्सिब टिकलं, पण वेष्टनावर हृदयविकाराचा ठळक इशारा घेऊन. पुढे 24 हजार रुग्णांवरच्या 2016 च्या चाचणीत, मध्यम मात्रेत ते आयबुप्रोफेन किंवा नेप्रोक्सेनपेक्षा हृदयाला जास्त घातक नसल्याचं दिसलं. म्हणजे या गोळीचे दोष आपल्याला ठाऊक आहेत ते ती बदनाम असल्यामुळे नव्हे, तर ते मोजायला भाग पाडलं गेल्यामुळे.

ग्लुकोसामाइनचा रस्ता वेगळा. 1876 मध्ये गेओर्ग लेडरहोज या जर्मन संशोधकाने कवचधारी प्राण्यांच्या कायटिनपासून ते वेगळं केलं. सांध्याच्या कूर्चेच्या घडणीत हा पदार्थ लागतो, तेव्हा तो बाहेरून दिला की झीज भरून निघेल, असा साधा तर्क. ऐकायला पटणारा, आपल्या ‘वंगणा’च्या कल्पनेला तर हातमोज्यासारखा बसणारा. युरोपात काही देशांत ते औषध म्हणून दिलं जाई. अमेरिकेत 1994 च्या कायद्याने पूरक आहाराला बाजारात येण्याआधी परिणाम सिद्ध करण्याच्या अटीतून मोकळं ठेवलं आणि 1997 च्या सुमारास तिथे ग्लुकोसामाइनची लाटच आली. भारतातही पूरक आहार म्हणून विकली जाणारी उत्पादनं अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात, औषधांच्या कायद्याखाली नाही.

दोघांना एकाच तराजूत घालणारी मोठी चाचणी अमेरिकी सरकारच्या पैशाने झाली आणि तिचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. गुडघ्याची झीज असलेले 1,583 रुग्ण, 24 आठवडे, पाच गट. वेदना किमान 20 टक्क्यांनी कमी झाली तर गुण आला असं धरायचं. सेलेकॉक्सिबच्या गटात 70 टक्के रुग्णांना गुण आला, ग्लुकोसामाइनच्या गटात 64 टक्के. इथवर वाचून कुणी म्हणेल, फरक तो किती! पण ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती, त्यांतल्याही 60 टक्क्यांना गुण आला होता. त्या साठाला ओलांडल्याचं खात्रीने सांगता आलं ते एकट्या सेलेकॉक्सिबबद्दल. जास्त वेदना असलेल्या छोट्या उपगटात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन (कूर्चेतलाच आणखी एक पदार्थ) यांची जोडी चांगली ठरली, आणि विक्रेत्यांनी तेवढाच आकडा उचलला.

2015 मध्ये युरोपातल्या सहाशे रुग्णांवरच्या चाचणीत ही जोडी सहा महिन्यांनी सेलेकॉक्सिबच्या बरोबरीला आली. पण तिच्यात खोट्या गोळीचा गटच नव्हता, आणि खर्च ती जोडी बनवणाऱ्या कंपनीचा. नंतर स्पेनमध्ये खोट्या गोळीशी तुलना झाली, तेव्हा खोटी गोळीच सरस ठरली आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शनात ग्लुकोसामाइन देऊ नये असं स्पष्टच सांगितलं.

दुष्परिणामांत मात्र ग्लुकोसामाइनचं पारडं खरोखर हलकं आहे. थोडी मळमळ, अपचन एवढंच बहुधा. पण वॉर्फरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते कशापासून बनवलंय ते पाहावं.

या तुलनेत पुण्याचाही वाटा आहे. डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी सरकारी प्रकल्पात 440 रुग्णांवर सुंठ, गुळवेल वगैरेंपासून बनवलेली आयुर्वेदिक औषधं, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांची तुलना केली. 2013 मध्ये निष्कर्ष आले, सगळी साधारण सारखीच. इथेही खोटी गोळी नव्हती. पण आयुर्वेदिक गटांतल्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताचं एक विकर वाढलेलं आढळलं. त्यांना कसलाच त्रास जाणवत नव्हता, औषध थांबवल्यावर ते पूर्ववतही झालं. ते दिसलं, कारण चाचणीच्या नियमानुसार त्यांचं रक्त तपासलं जात होतं.