मुरघासाचा मका कधी कापायचा? दाण्यावरची रेघ बघून!

मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, करणाऱ्या कोणालाही विचारा, मका कधी कापता? उत्तर ठरलेलं: दाणा चिकात आला, म्हणजे त्यात दुधासारखा रस भरला की. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. चीक धरला तेव्हा की चीक संपत आला तेव्हा? 'हिरवागार तितका सकस' असं समजून पहिल्याच संधीला यंत्र बोलावणारे पुष्कळ. त्या मक्यात ७५-८० टक्के पाणीच असतं.

कुट्टी दाबून हवा काढली की आत दही लागताना घडतं तेच घडतं. जिवाणू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात, सामू (आंबटपणाचं माप, पीएच; जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. पण मातीबरोबर क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणूही आत आलेले असतात. त्यांनाही हवा नको असते. त्यांना हवं असतं पाणी. ओल्या कुट्टीत आम्ल पातळ पडतं आणि हे शिरजोर होतात. तयार झालेलं लॅक्टिक आम्लच खाऊन ते ब्युटिरिक आम्ल बनवतात. हिशोब बघा: १८० ग्रॅम लॅक्टिक आम्लातून हाती येतं ८८ ग्रॅम ब्युटिरिक. उरलेलं कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन होऊन उडून जातं. शिवाय ब्युटिरिक आम्ल सौम्य, त्यामुळे सामू पुन्हा चढतो. मग प्रथिनं फोडणाऱ्या जिवाणूंचं फावतं, अमोनिया सुटतो. मुरघासाची बॅग उघडल्यावर येणारा खवट तुपासारखा वास तो हाच. जनावर तोंड फिरवतं ते उगाच नाही.

फिनलंडच्या आर्तुरी वीर्तानेन यांनी ओल्या चाऱ्यावर थेट खनिज आम्ल शिंपडून सामू ४ च्या खाली आणायची पद्धत काढली. १९४५ च्या त्यांच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये या कामाचा खास उल्लेख आहे. आपल्याकडे मका उभ्या उभ्याच वाळतो, फक्त थांबायला हवं. कल्चरच्या पुडीने सगळं सुधारतं असं सांगणारे भेटतात. पुडीत उपयोगी जिवाणू असतात हे खरं, पण ती कुट्टीतलं पाणी शोषत नाही.

किती थांबायचं ते दाणाच सांगतो. कणीस मधोमध मोडा आणि शेंड्याकडच्या तुकड्याची मोडलेली बाजू बघा. दाण्याच्या माथ्याकडून पिष्ट घट्ट होत खाली सरकतं. घट्ट भाग आणि चीक यांच्यामध्ये रेघ दिसते. नखाने दाबत गेलात तर कुठे मऊ लागतं ते कळतं. रेघ निम्म्यावर किंवा थोडी खाली आली की झाडात कोरडा भाग साधारण ३०-३५ टक्के असतो. तेव्हा कापा. दोन-चार कणसं बांधावरची नव्हे, शेतात आत शिरून मोडा. कडेचा मका आधी वाळतो.

रेघ बुडाला टेकेपर्यंत थांबलात तर ताट लाकडासारखं होतं, वाळलेली कुट्टी नीट दबत नाही, अडकलेल्या हवेत बुरशी धरते. आणि टणक झालेले दाणे यंत्रात फुटले नाहीत, तर शेणात अख्खेच सापडतात.