श्रुतलेखनात अडखळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

आमच्या सांगलीतल्या शुद्धलेखन वर्गात चौकशीला येणारे पालक बहुधा हेच सांगतात: "तोंडी सगळं येतं हो त्याला, लिहायला बसला की विसरतो." ते खरंच असतं. अशी मुलं आळशी नसतात.

समजा, बाईंनी वाक्य घातलं: "कृष्णेचा पूर बघायला आयर्विन पुलावर गर्दी झाली." मुलाला अख्खं वाक्य डोक्यात धरायचं आहे. त्यातच 'ष्णे' कसा काढायचा ते आठवायचं आहे. शिवाय 'पूर' दीर्घ, 'पूल'ही दीर्घ, पण 'पुलावर' लिहिताना ऱ्हस्व! हे सगळं एकाच वेळी पेलते ती कार्यरत स्मृती. बॅडली आणि हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. ऐकलेले शब्द तिच्यात जेमतेम दोन सेकंद राहतात. मनातल्या मनात पुटपुटत राहिलं तरच पुढे टिकतात. मूल 'ष्णे'पाशी अडकलं की पुटपुटणं थांबतं आणि 'गर्दी झाली' निसटतं. वहीत वाक्याचा शेवट गाळलेला दिसला, तर "लक्ष कुठे होतं?" म्हणून रागावू नका.

शब्द हातात बसला की तो आठवायला कष्ट पडत नाहीत, वाक्य धरायला डोकं मोकळं राहतं. आमचा सारा भर यावरच आहे. चुकलेला शब्द दहादा लिहायला आम्ही लावत नाही, कारण बघून उतरवताना आठवावं लागतच नाही. शब्द बघायचा, मोठ्याने म्हणायचा, झाकायचा, आठवून लिहायचा आणि स्वतःच ताडून पाहायचा. रोज चार-पाचच शब्द. तेच दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी पुन्हा. जरा विसरल्यावर प्रयत्नाने आठवलेलं जास्त टिकतं. घरी वाक्य तुकड्या-तुकड्याने सांगा, आधी मुलाला म्हणू द्या, मग लिहू द्या.

स्मरणशक्ती वाढवणारे मोबाईलवरचे खेळ आम्ही सुचवत नाही. मूल त्या खेळात तरबेज होतं, शुद्धलेखन सुधारतंच असं नाही.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणाऱ्या अडचणीचं निदान आम्ही करत नाही, ते तज्ज्ञांचं काम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात.

पहिल्या भेटीला श्रुतलेखनाची जुनी वही आणा. चुका खोडून, सुधारून आणू नका. आम्हाला त्याच बघायच्या असतात.