चर्चच्या जागी उभा राहिलेला वाडा : एडिनबराचे डंडास हाउस

स्कॉटलंडची राजधानी एडिनबराच्या जॉर्ज स्ट्रीटवर पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, की रस्त्याच्या टोकाला आधी मेलव्हिल स्मारकाचा उंच स्तंभ दिसतो आणि त्याच्या थेट मागे, त्याच रेषेत, डंडास हाउसचा दर्शनी भाग. शहराच्या आराखड्याप्रमाणे तिथे चर्च असायला हवे होते.

जुन्या एडिनबरात किल्ल्याखालच्या अरुंद कड्यावर उंचच उंच इमारती दाटीवाटीने उभ्या होत्या आणि श्रीमंत-गरीब एकाच जिन्याने ये-जा करीत. या कोंदटपणातून बाहेर पडण्यासाठी नगरपालिकेने उत्तरेला नवे शहर वसवायचे ठरवले आणि 1767 मध्ये जेम्स क्रेग या तरुण वास्तुविशारदाचा आराखडा स्वीकारला. मधोमध जॉर्ज स्ट्रीट, तिच्या दोन्ही टोकांना एकेक चौक आणि प्रत्येक चौकात रस्त्याच्या रेषेवर एक चर्च, अशी त्याची नेटकी कल्पना होती. पूर्वेकडचा मोक्याचा भूखंड मात्र सर लॉरेन्स डंडास यांनी आधीच पदरात पाडून घेतला होता. परिणामी सेंट अँड्र्यू चर्चला जॉर्ज स्ट्रीटच्या कडेची जागा मिळाली, आणि 1784 च्या सुमारास तिथे उभे राहिलेले चर्च लंबवर्तुळाकार आहे.

डंडास हे एडिनबरातल्या एका कापड व्यापाऱ्याचे चिरंजीव. सैन्याला रसद पुरवण्याचे कंत्राट, विशेषतः सप्तवार्षिक युद्धातले, त्यांना अफाट संपत्ती देऊन गेले. आपल्या ‘नबाब’ शब्दाला इंग्रजीत तेव्हा हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेला माणूस असा अर्थ आला होता. हिंदुस्थानात कधी पाऊल न ठेवलेल्या डंडास यांनाही लोक ‘उत्तरेचा नबाब’ म्हणत. गंमत अशी, की त्यांचे वास्तुविशारद सर विल्यम चेंबर्स मात्र तरुणपणी स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून बंगाल आणि चीन पाहून आले होते.

चेंबर्स यांनी 1771 ते 1774 या काळात बांधलेल्या या वास्तूत पूर्वेचा मागमूस नाही. तिचा आदर्श होता लंडनजवळच्या ट्विकनहॅमचे मार्बल हिल हाउस, म्हणजे पर्यायाने सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुकार पालाडिओ. तीन मजले आणि रुंदीत खिडक्यांच्या पाच ओळी, एवढाच तिचा पसारा. तळमजल्याच्या दगडांमधल्या सांध्यांना मुद्दाम खोल खाचा दिल्या आहेत, त्यामुळे तो भाग चौथऱ्यासारखा भक्कम भासतो. त्यावर मधला भाग किंचित पुढे येतो. भिंतीला बिलगलेले कॉरिंथियन शैलीचे, म्हणजे माथ्याशी पानांची नक्षी कोरलेले, चपटे स्तंभ दोन मजले सलग चढत जातात आणि माथ्यावरचा त्रिकोण पेलतात. सजावट याहून फारशी नाही, आणि तोच या घराचा खरा डौल आहे. नव्या शहरातली इतर घरे खांद्याला खांदा लावून रस्त्यालगत उभी असताना हे एकटे, चारही बाजूंनी मोकळे, पुढे हिरवळ सोडून मागे सरकलेले आहे. खेड्यातल्या जमीनदाराचा बंगला शहराच्या नाक्यावर आणून ठेवावा, असा हा प्रकार आहे, आणि माझ्या मते हा संकोच नसून मिरवण्याचीच एक रीत आहे.

डंडास 1781 मध्ये वारले. पुढे 1794 मध्ये घर सरकारने अबकारी कार्यालयासाठी घेतले. दर्शनी त्रिकोणातले राजचिन्ह त्या काळाची खूण आहे. 1825 मध्ये ते रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विकत घेतले. (समोरच्या मेलव्हिल स्मारकाच्या स्तंभावर ज्यांचा पुतळा आहे ते हेन्री डंडास याच आडनावाच्या दुसऱ्या शाखेतले, लॉरेन्स यांच्याशी त्यांची गल्लत नेहमी होते.)

बँकेने पुढची बाजू जवळपास तशीच राखली आणि मोठा बदल मागे केला. 1857 मध्ये जॉन डिक पेडी यांनी घराच्या पाठीशी एक भव्य दालन जोडले. चेंबर्सच्या संयमी खोल्या ओलांडून तिथे पाऊल टाकले, की डोक्यावर एकदम निळा घुमट उघडतो. त्यात ताऱ्यांच्या आकाराची छिद्रे वर्तुळावर वर्तुळ मांडलेली असून ती वर जाताना लहान होत जातात आणि त्यांतून दिवसाचा उजेड खाली झिरपतो. रस्त्यावरून यातले काहीच दिसत नाही. बँकेने 1987 पासून काढलेल्या नोटांच्या पार्श्वभूमीवर मात्र याच छताची नक्षी छापली.