रायझर रिक्लायनर खुर्चीची घरातील मांडणी

बटण दाबले की पाठ मागे रेलते, पाय वर उचलले जातात आणि उठायच्या वेळी सगळी बैठक मागून वर होत पुढे कलते, अशी विजेवर चालणारी आरामखुर्ची. ब्रिटनमध्ये तिला रायझर रिक्लायनर म्हणतात, अमेरिकेत लिफ्ट चेअर. संधिवात, कंपवात, अर्धांगवायू, गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन अशा कारणांनी ज्यांना बसल्या जागेवरून उठणे जड जाते, त्यांना ती कुणाच्या हाताची वाट न बघता उभे राहू देते. नुसती रेलणारी खुर्ची जुनी आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मन्रो इथे एडवर्ड क्नाबुश आणि एडविन शूमेकर यांनी १९२८ मध्ये लाकडी पट्ट्यांची तशी खुर्ची केली होती. आपल्याकडे दुकानात ‘मोटराइज्ड रिक्लायनर’ म्हणून जी मिळते, ती पुष्कळदा फक्त रेलते, उठवत नाही. घेण्याआधी हे विचारून घ्यावे.

खुर्ची घरी आली की ती कुठे ठेवायची हे बहुधा पाच मिनिटांत ठरते: जुना सोफा होता तिथे, भिंतीला टेकवून. अडचणीला सुरुवात तिथूनच होते, कारण ही खुर्ची एका आकाराची नसते. सरळ असताना ती साधारण तीन फूट खोल असते, पूर्ण रेलली की साडेपाच-सहा फूट लांब होते आणि उठवताना बसलेल्या माणसासकट पुढे झुकते. या तिन्ही आकारांना पुरेल ती तिची जागा. भिंतीलगत ठेवण्यासाठी बनवलेल्या खुर्चीत रेलताना बैठकच पुढे सरकते, त्यामुळे मागे चार-सहा इंच पुरतात. मात्र तेवढीच जागा पुढे जास्त सोडावी लागते. साध्या बनावटीला मागे फूट-दीड फूट, काहींना त्याहूनही जास्त लागते. नेमका आकडा त्या खुर्चीच्या पुस्तिकेत पाहावा. मागे जागा अपुरी असेल तर पाठ भिंतीवर रेटली जाते आणि खुर्ची लादीवरून पुढे घसरते.

मोजायला घरातली लादीच कामाला येते. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ती बरेचदा दोन फूट बाय दोन फूट असते. मागची मोकळी जागा, मग खुर्ची, मग तिच्यापुढे वॉकर धरून उभे राहण्यापुरते तीन फूट, असे धरले तर भिंतीपासून चार लाद्या मोकळ्या हव्यात. खडूने तेवढा चौकोन आखावा, त्यात घरातली साधी खुर्ची ठेवावी आणि आजींना वॉकर घेऊन उठायला, वळायला, संडासाच्या दिशेने चार पावले टाकायला सांगावे. टीपॉयचा कोपरा नडगीला कुठे लागतो, दार उघडले की वॉकर कुठे अडतो, उंबरठा किती पावलांवर येतो, हे त्या चार पावलांत दिसते. टेपने ते दिसत नाही. टीपॉय हलवायचाच, त्याऐवजी बाजूला छोटे स्टूल चालते.

खुर्चीपुढे सतरंजी, पायपुसणे, गालिचा काही नको. उभे राहताना अंगाचा सगळा भार पावलांवर येतो आणि गुळगुळीत लादीवर सतरंजी सरकायला तेवढे पुरते. पायांत मोजे असतील तर तळाला रबर असलेले असावेत. खुर्चीच्या पायांखालीही रबराच्या वाट्या बसवाव्यात. उठण्याचे बटण मधे थांबत थांबत दाबावे आणि उभे राहिल्यावर चालू लागण्याआधी क्षणभर थांबावे, कारण बराच वेळ रेलून बसल्यावर एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते.

सर्वांत जास्त काळजी खालच्या यंत्राची घ्यावी. खुर्ची वर झालेली असताना मागून वाकून पाहिले तर लोखंडी पट्ट्यांची उघडलेली कात्री दिसते, आणि तिच्यात रांगते मूल सहज शिरेल एवढी पोकळी असते. बटण ज्याच्या हातात आहे तो वर बसलेला असल्याने त्याला खालचे काहीच दिसत नाही. बैठक आणि पायटेकू यांच्यामधल्या फटीत लहान मुले अडकून दगावल्याने अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने रेलणाऱ्या खुर्च्यांबाबत इशारा दिलेला आहे. म्हणून नातवंडांची खेळायची जागा आणि ही खुर्ची एका कोपऱ्यात नको. वापरून झाली की पायटेकू बंद करून ती सरळ करावी, रिमोटला लॉक असेल तर लावावे. मांजर असलेल्या घरात खाली डोकावल्याशिवाय बटण दाबू नये. साडीचा पदर, शाल, लोंबती गोधडी हीही त्याच कात्रीत जाते. बसल्यावर पदर मांडीवर घ्यायची सवय लावावी.

प्लग थेट भिंतीतल्या पॉइंटमध्ये असावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही, आणि वायर चालण्याच्या वाटेवरून जाता कामा नये. ट्रान्सफॉर्मर बहुतेक खुर्च्यांत जमिनीवरच पडलेला असतो. घरातली २३० व्होल्टची वीज तो मोटरसाठी २४ ते २९ व्होल्टच्या आसपास उतरवतो. फरशी पुसताना बादलीचे पाणी नेमके तिथेच जाते. कामाला येणाऱ्या ताईंना हे मुद्दाम दाखवावे: आधी प्लग काढायचा, मग खालून झाडू फिरवायचा. समई, निरांजन, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती खुर्चीपासून लांब असावी. अंगाला लावलेले तेल आणि मलम कापडात मुरत जाते, आणि तसे कापड चटकन पेटते.

अर्धांगवायू झालेल्या माणसासाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते: रिमोट, बेल आणि फोन चालत्या हाताच्या बाजूला हवेत. कंपनीने रिमोट उजवीकडे दिला असला तरी पुष्कळ खुर्च्यांत तो डावीकडे घेता येतो. उठून कोणत्या बाजूला वळायचे हे फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून ठरवलेले उत्तम. टीव्ही समोर हवा, कडेला नको. मान दिवसभर एकीकडे वळलेली राहिली तर दुखतेच, शिवाय अंगही त्या बाजूला कलते.

रेललेल्या स्थितीत वीज गेली तर माणूस तिथेच अडकतो, म्हणून अनेक ट्रान्सफॉर्मरमध्ये ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घालायची सोय असते. त्यांच्यावर खुर्ची एखाद्या वेळी सरळ होण्यापुरती चालते. त्या बॅटऱ्या सोबत येतातच असे नाही, आणि आल्या तरी वर्षा-दोन वर्षांत उतरतात. तीन-चार महिन्यांनी एकदा, कुणीतरी शेजारी उभे असताना, खुर्ची अर्धी रेलवून प्लग काढावा आणि ती सरळ होते का ते पाहावे. झाली की त्या वापरलेल्या बॅटऱ्या काढून नव्या घालाव्यात.