सुई हातात घेण्याआधी

अ‍ॅक्युपंक्चरची सुई पहिल्यांदा हातात घेतली की अनुभवी डॉक्टरही जरा अडखळतो. त्याच्या सवयीची सुई इंजेक्शनची: पोकळ, तिरक्या धारेची, औषध आत सोडणारी. ही मात्र भरीव असते, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यातून शरीरात काहीच जात नाही. नुसती दाबली तर ती वाकते, म्हणून शिकणाऱ्याला एक बारीक नळी देतात. नळी त्वचेवर टेकवायची आणि वर डोकावणाऱ्या सुईवर बोटाने हलकी टिचकी मारायची. आत गेलेली सुई थोडी फिरवली की आतले मांस तिला धरून ठेवते. ओढून पाहिले तर त्वचाही तिच्यासोबत वर उचलली जाते. हेलेन लँजेव्हिन या अमेरिकी संशोधिकेने उंदरांच्या ऊतींवर प्रयोग करून याचे कारण दाखवले. चातीवर सूत गुंडाळावे तसे त्वचेखालचे कोलॅजनचे तंतू फिरत्या सुईभोवती गुंडाळले जातात. रुग्णाला तिथे जडपणा किंवा बोथट ठणका जाणवतो. चिनी परंपरेत या जाणिवेला ‘दे ची’ म्हणतात.

हात बसायला फार दिवस लागत नाहीत. खरे अवघड आहे ते वेदना समजून घेणे.

कोपर आपटले की आपण ते चोळतो आणि बरे वाटते. असे का होते, याची मांडणी रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये केली. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत त्याला जणू एक फाटक लागते आणि स्पर्शाचे संदेश ते फाटक थोडे लोटून घेतात. शिवाय मेंदूही वरून वेदना दाबू शकतो, त्यासाठी शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करते. 1977 मध्ये डेव्हिड मेयर आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या दातांना वेदना देऊन अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बिंदूवर सुया लावल्या. दात दुखण्याचे प्रमाण घटले. मग अफूजन्य औषधांचा असर उतरवणारे नॅलोक्सोन दिले, तर हा आराम निघून गेला. म्हणजे सुईमुळे शरीरातलीच वेदनाशामक यंत्रणा जागी होत असावी.

इथवर ऐकून विद्यार्थी खूश होतो. नेमक्या याच वेळी त्याला जर्मनीतला 2007 सालचा अभ्यास दाखवला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. जुनाट कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांचे तीन गट केले होते. परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी सुमारे 48 टक्क्यांना सहा महिन्यांनी फरक पडलेला होता. औषधे, व्यायाम असे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 27 टक्के होते. आणि तिसरा गट? त्यांना बिंदू सोडून भलतीकडेच वरवर सुया टोचल्या होत्या, तरी 44 टक्क्यांना आराम पडला. पुढे 2012 मध्ये सुमारे 18,000 रुग्णांची माहिती एकत्र तपासली तेव्हा खऱ्या सुया खोट्यांपेक्षा थोड्या सरस ठरल्या. पण फरक लहानच होता.

मग शेकडो बिंदूंचे तक्ते घोकून घेण्यात महिने घालवायचे का? माझ्या मते नाही. नेहमीच्या उपचारांपेक्षा जो मोठा फरक दिसतो, त्यात रुग्णाची अपेक्षा असते, अंगावर फिरणारा हात असतो आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेला अर्धा तास असतो. दुखते कुठे, कधीपासून, झोप लागते का, कामावर जाता येते का, हे विचारत बोटांनी स्नायू चाचपणारा डॉक्टर तेव्हाच अर्धे काम करत असतो. ही विचारपूस शिकवावी लागते, ती आपोआप येत नाही.

शरीररचना मात्र घोकलीच पाहिजे. खांद्याच्या वरच्या बाजूचा, मानेलगतचा स्नायू अनेकांचा आखडलेला असतो आणि नवशिक्याचा हात आधी तिकडेच जातो. पण त्याच्या खालीच फुप्फुसाचे टोक असते. सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा शिरून ते आकसू शकते. म्हणून तो स्नायू चिमटीत धरून वर उचलायचा आणि सुई त्या चिमटीतच ठेवायची. छातीच्या मधल्या हाडाचेही तसेच. काही माणसांच्या या हाडात जन्मतः एक भोक असते, ते बाहेरून कळत नाही आणि त्यामागे हृदय असते. तिथे सुई आडवी, त्वचेलगतच सरकवायची.

जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये सुचवले की आपल्या वैद्यकीय कामात अ‍ॅक्युपंक्चरची जोड देऊ पाहणाऱ्या डॉक्टरांनी किमान 200 तासांचे प्रशिक्षण घ्यावे. ते तास कशावर खर्च करायचे, हा कळीचा प्रश्न आहे. कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटले आणि 2021 मध्ये दुसरे कारण सापडत नसलेल्या जुनाट वेदनेसाठी त्याचा विचार करा म्हटले. दोन्ही शिफारशी समोर ठेवून वर्गात वाद होऊ द्यावा.

आणि परीक्षेत बिंदूंची नावे विचारण्याऐवजी एक रुग्ण द्यावा. कंबर दुखते, दोन्ही पायांत कळा जातात, आणि कालपासून लघवी अडकली आहे. बसताना जो भाग टेकतो तिथे बधीर वाटते, हे तो आपणहून सांगणार नाही, विचारावे लागेल. कण्याच्या खालच्या टोकाशी मज्जातंतू दाबले गेल्याची ही खूण असू शकते. जो विद्यार्थी हे विचारेल आणि सुयांची पेटी न उघडता त्याला तातडीने एमआरआयला आणि शल्यविशारदाकडे पाठवेल, तो पास.