‘मास्टर’ कुणाचा? सोल, फंक आणि जॅझच्या नव्याने निघणाऱ्या एलपींमागची गोष्ट

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एकाच सोल लेबलच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं हे संगीत काढणाऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या, दोन एलपी (मोठ्या तबकड्या) शेजारी ठेवून बघा, एक 1966 ची आणि एक 1969 ची. लेबल तेच, वाजवणारेही बरेचसे तेच. दोन्हींच्या नव्या आवृत्त्या आज मिळतात. पण कव्हर उलटून तळाची बारीक अक्षरं वाचली, तर गोलातल्या ‘पी’पुढे दोन वेगळ्या कंपन्यांची नावं दिसतात. ही खूण ध्वनिमुद्रणाच्या मालकीची. ती 1970 च्या दशकापासून कव्हरांवर येऊ लागली आणि जुन्या रेकॉर्डच्या नव्या आवृत्तीवर मी सगळ्यात आधी तीच शोधतो.

दोन नावं येण्याचं कारण करारातलं एक कलम आहे. मेम्फिसचं हे लेबल एका जुन्या सिनेमागृहात चालायचं. प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच ठेवून तिथे स्टुडिओ केला होता. रेकॉर्ड देशभर पोहोचवण्याचं काम न्यूयॉर्कची एक कंपनी करी. सुरुवातीची काही वर्षं हा व्यवहार तोंडी होता, 1965 मध्ये तो कागदावर आला. 1967 मध्ये न्यूयॉर्कची कंपनी विकली गेली, तेव्हा कागद पुन्हा उघडले गेले आणि लक्षात आलं, की वितरण केलेल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचे मास्टर, म्हणजे मालकी हक्क, करारानुसार न्यूयॉर्कचे झाले आहेत. त्याच डिसेंबरात लेबलचा सर्वात मोठा गायक आणि त्याच्या साथीदारांपैकी बहुतेक जण विमान अपघातात गेले होते. 1968 च्या मे महिन्यात दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या, तेव्हा मेम्फिसकडे स्टुडिओ होता, वादक होते, पण आठ वर्षांचं संगीत नव्हतं. लेबलने नव्या उमेदीने पुन्हा उभं राहून दाखवलं, पण 1975 च्या डिसेंबरात न्यायालयाच्या आदेशाने त्याला टाळं लागलं. 1968 नंतरचे मास्टर पुढे तिसऱ्याच हातात गेले. म्हणून ती दोन नावं.

या व्यवसायात ‘मास्टर’ हा एकच शब्द तीन अर्थांनी फिरतो. एक, मालकीचा हक्क. दोन, स्टुडिओतून निघालेली अंतिम टेप, ती प्रत्यक्ष वस्तू. तीन, त्या टेपवरून तबकडी कोरण्याआधीचा संस्कार, ज्याला मास्टरिंग म्हणतात. ‘मूळ मास्टरवरून’ असं छापलेलं असतं, तेव्हा यातला कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे सांगितलेलं नसतं.

हक्क असून वस्तू नाही, असंही घडतं. 1 जून 2008 ला हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथल्या गोदामातल्या टेप जळाल्या. साठच्या दशकातल्या जॅझच्या आणि शिकागोच्या ब्लूजच्या टेप याच संग्रहातल्या. फारसं नुकसान झालं नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. 2019 मध्ये टेपांच्या मालक कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले, त्यात जळालेल्या टेपांचा आकडा सुमारे 1 लाख 18 हजारांचा होता. कंपनीने तो फुगवलेला म्हटलं. पण अकरा वर्षं काही न बोलता गेली, आणि त्या काळातही जुने अल्बम नव्या वेष्टनात येतच राहिले.

ज्या टेप वाचल्या, त्यांचीही अवस्था नाजूक असते. सत्तरच्या दशकातल्या काही टेपांचा लेप दमट हवेत ओलावा धरतो. अशी टेप थेट वाजवली तर लेप यंत्राच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटून सोलवटतो. म्हणून ती आधी मंद आंचेवर, सुमारे 55 अंश सेल्सिअसवर, काही तास अक्षरशः भाजावी लागते. त्यानंतर ती थोडे दिवस नीट वाजते.

आता ‘मूळ मास्टर’च्या दाव्यावरून 2022 मध्ये झालेला वाद. त्यावर जरा जास्त लिहितो, कारण आज चढ्या किमतीला विकल्या जाणाऱ्या सगळ्या पुनर्प्रकाशनांच्या बुडाशी हाच प्रश्न आहे.

तबकडीची सुरुवात लॅकरपासून होते. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असतो, टेप वाजत असताना कटिंग यंत्राची सुई त्यावर खोबण कोरत जाते. त्यावर चांदी फवारून निकेल चढवलं, की उलटा साचा मिळतो. त्या साच्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा, आणि या शेवटच्याने प्रती छापतात. अशा वाटेने एका लॅकरमधून कितीतरी साचे निघतात. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या कंपनीने मधल्या दोन पायऱ्या गाळल्या. आवाज मुळाच्या आणखी जवळ जातो, पण एका लॅकरमधून हजारेक प्रतीच निघतात, म्हणजे पुढच्या हजारांसाठी नवं लॅकर कोरायचं आणि टेप पुन्हा वाजवायची.

याच कंपनीने 1982 च्या, जगात सर्वाधिक खपलेल्यांत गणल्या जाणाऱ्या एका अल्बमच्या 40,000 प्रती या पद्धतीने काढायचं जाहीर केलं. हिशेब साधा होता. प्रत्येक बाजूसाठी मूळ टेप चाळीसेक वेळा वाजवायला कोणता मालक देईल? ॲरिझोनातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने हा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि कंपनीच्या अभियंत्यांनी कबूल केलं, की मध्ये एक डिजिटल प्रत असते. 2011 पासून हे चाललं होतं. त्या तबकड्यांच्या कव्हरच्या माथ्यावर ‘ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग’ अशी पट्टी असे. त्यांतल्या कित्येक तबकड्या जाणकारांनी शुद्ध ॲनालॉगचा, म्हणजे मध्ये कुठेही डिजिटल पायरी नसलेल्या आवाजाचा, नमुना म्हणून गौरवल्या होत्या. प्रकरण न्यायालयात गेलं आणि अडीच कोटी डॉलरवर तडजोड झाली.

माझं मत स्पष्ट आहे. एकदाच काळजीपूर्वक घेतलेली डिजिटल प्रत टेपचं आयुष्य वाचवते, आणि कानाला फरक कळला नाही हे कौतुक करणाऱ्यांनीच सिद्ध केलं. चूक प्रत घेण्यात नव्हती, ती लपवण्यात होती. ग्राहकाने जास्तीचे पैसे मोजले ते त्या पट्टीच्या भरवशावर. त्यानंतर बऱ्याच कंपन्या तबकडी कशावरून कोरली हे पायरीपायरीने छापू लागल्या, तो या वादाचा चांगला परिणाम.

युरोपातून येणाऱ्या स्वस्त, रंगीत जॅझ एलपींची तऱ्हा निराळी. तिथे 2013 मध्ये ध्वनिमुद्रणाचं संरक्षण 50 वर्षांवरून 70 वर गेलं, पण 1963 च्या आधी प्रसिद्ध झालेलं जे मुक्त झालं होतं, ते मुक्तच राहिलं. म्हणून पन्नाशीच्या दशकातला जॅझ तिथे मालकाला न विचारता छापता येतो. टेप मालकाकडेच असल्याने अशा तबकड्यांचा उगम बहुधा एखादी सीडी असते. कायद्याला त्या चालतात, त्यांत ‘मास्टर’ मात्र कोणत्याच अर्थाने नसतो.

आपल्याकडचा धागाही यात आहे. ‘डिस्को जॅझ’ हा अल्बम एका बंगाली गायिकेने कॅनडातल्या कॅलगरीत ध्वनिमुद्रित केला. तो 1982 मध्ये भारतात निघाला आणि फारसा कुणी ऐकला नाही. पुढे त्याच्या मूळ प्रती परदेशी संग्राहकांत चढ्या भावाने फिरू लागल्या, हे घरच्यांना इंटरनेटवरून कळलं. 2019 मध्ये शिकागोच्या एका कंपनीने तो रीतसर पुन्हा काढला.

नव्या संगीतात चित्र बदललंय. ब्रुकलिनच्या एका घरात या शतकाच्या सुरुवातीपासून आठ ट्रॅकच्या टेपवर सोल ध्वनिमुद्रित होत आलंय, ते ऐकताना नवं की जुनं हे कळत नाही. लॉस अँजेलिसच्या एका सॅक्सोफोनवादकाचा तीन तबकड्यांचा, जवळपास तीन तासांचा अल्बम 2015 मध्ये आला आणि तरुण श्रोते जॅझकडे वळले. लंडनमधल्या तरुण वादकांपैकी काही जण आपले अल्बम स्वतःच काढतात. त्यांच्या कव्हरच्या मागे, गोलातल्या ‘पी’पुढे, वाजवणाऱ्याचंच नाव असतं.