श्वसनमार्गाचे विषाणू आणि डोळे

सर्दी, गोवर, कोव्हिड-१९ यांसारख्या श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य आजारांत डोळ्यांना होणारे विकार. ‘डोळे येणे’ हा त्यांतला सर्वांत नेहमीचा.

खालची पापणी जरा ओढली की नाकाकडच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते. अश्रू तिथून नाकात उतरतात. डोळ्यात थेंब घातल्यावर घसा कडू होतो तो याच वाटेने. नाकातला विषाणू डोळ्यात पोचतो तो मात्र बहुधा बोटांवरून. डोळे आलेल्याकडे नुसते बघून डोळे येत नाहीत. काळ्या चष्म्याने उजेड सोसवतो, संसर्ग थांबत नाही.

डोळे येण्याचे मुख्य कारण ॲडेनोव्हायरस हा विषाणू. प्रकार ३, ४ व ७ मुळे ताप, घसादुखी आणि लाल डोळे एकत्र येतात. पोहण्याच्या तलावातून मुलांत हे पसरते. प्रकार ८ व ३७ डोळ्यालाच धरतात. लागण झाल्यावर ५ ते १२ दिवसांत डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी गळते, सकाळी पापण्या चिकटतात. कानापुढे दुखरी गाठ लागली, तर कारण बहुधा विषाणूच. काही दिवसांत दुसराही डोळा येतो. पुढे काहींच्या बुबुळावर धूसर ठिपके उमटून नजर महिनोन्‌महिने अंधुक राहते.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, मग एकच टॉवेल घरभर फिरतो. तालमीत एका पंच्याने दोघे-तिघे तोंड पुसतात. हा विषाणू कोरड्या वस्तूंवरही अनेक दिवस टिकतो. त्याला स्निग्ध आवरण नसल्याने सॅनिटायझर तोकडे पडते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली २० सेकंद हात धुणे बरे. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापणी नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावी आणि तो बोळा टाकून द्यावा. टॉवेल, उशीची खोळ वेगळी ठेवावी. सुमारे दोन आठवडे संसर्ग पसरू शकतो.

अँटिबायोटिक थेंब विषाणूवर चालत नाहीत. खरी चूक होते ती दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांत. लाली दोन दिवसांत उतरते म्हणून ते गुणकारी वाटतात, पण विषाणू डोळ्यात जास्त काळ रेंगाळतो. मूळ दुखणे नागिणीचे किंवा हर्पिस विषाणूचे असेल तर बुबुळावरची जखम पसरते.

गोवरात ‘अ’ जीवनसत्त्व खालावून बुबुळ मऊ पडते व अंधत्व येऊ शकते. म्हणून एक वर्षावरील मुलांना २ लाख युनिटची मात्रा लागोपाठ दोन दिवस देतात.

कोव्हिडमध्ये डोळे लाल होणे सौम्य असते. २०२१ च्या लाटेत दिसलेला म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांमुळे तो बळावला. एका बाजूचा चेहरा सुजणे, नाकात काळी खपली, पापणी पडणे, एकाचे दोन दिसणे, नजर अचानक कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या रुग्णालयात जावे.